किरगिझस्तानात पालथा तांब्या

मुंबईच्या विमानतळावर माझी हातातली बॅग मशीनमध्ये गेली आणि दुसऱ्या टोकाला आल्याबरोबर वर्दीतल्या माणसानं ती बाजूला ओढली. उघडायला लावली. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी, धपाट्यांचा डबा, मामीनं विणलेला स्वेटर असं एकेक सारून त्यानं तळाशी हात घातला आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक गोल जिन्नस वर काढला. टॉवेल सोडला तर आत स्टीलचा तांब्या, आणि त्याच्या तोंडावर उपडं घातलेलं फुलपात्र.

"पानी पीने के लिए है?" त्यानं विचारलं.

हो म्हणून मोकळं व्हायचं सोडून मी खरं ते सांगितलं. "नहीं सर, भूकंप के लिए है."

माझ्या मागं रांगेत आमच्याच गटातली मुलंमुली होती. सगळे लातूर-नांदेडकडचे, सगळे डॉक्टरकीचा नंबर आपल्या देशात न लागलेले, म्हणून किरगिझस्तान नावाच्या देशात चाललेले. नांदेडकडची पोरं खो खो हसली. आमच्या औसा-निलंग्याकडची मात्र हसली नाहीत. त्यातला एक जण तर गुपचूप आपल्या बॅगेची चेन नीट लागली आहे का ते बघत होता.

वर्दीवाल्यानं तांब्या हलवून पाहिला, आत डोकावला, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि कीव आल्यासारखा परत टॉवेलात गुंडाळून दिला.

हा तांब्या काय प्रकार आहे ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. तेरणेच्या काठचं आमचं जुनं गाव एका पहाटे दगडमातीचा ढीग झालं. गणपती बुडवून लोक झोपले होते. वडील जीप घेऊन लातूरला गेलेले, मिरवणुकीच्या भाड्याला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आई तहान लागली म्हणून उठून अंगणातल्या रांजणाकडं आली होती, आणि आत माळवदाच्या जड मातीच्या छताखाली माझी मोठी बहीण झोपलेली होती. तेव्हा ती रांगत होती. मी पुढच्या वर्षी झाले, पत्र्याच्या शेडमध्ये. बहिणीचा फोटो नाही. रांगत्या पोरीचा फोटो काढायला कोण तालुक्याला नेतं? घरात तिचं नावही कुणी घेत नाही. आई नुसतं 'ती' म्हणते आणि सगळ्यांना कळतं.

पुढं नवं गाव वसलं. आखीव रस्ते, सारखी घरं, वर सिमेंटचा स्लॅब. आम्हालाही घर मिळालं. आईनं ते बाहेरून पाहिलं, छताकडं एकदा मान वर केली आणि त्यात कडबा भरून टाकला. आम्ही शेजारी पत्र्याचं शेड उभारून त्यात राहिलो. लहानपणी मला वाटायचं की सगळीकडं असंच असतं, गुराच्या वैरणीला पक्कं घर आणि माणसांना पत्रा. शाळेत 'माझे घर' असा निबंध आला तेव्हा मी लिहिलं होतं की आमचा कडबा स्लॅबखाली राहतो आणि त्याला दोन खिडक्या आहेत. बाईंनी तो निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवला, पण हसलं कुणीच नाही. निम्म्या वर्गाच्या घरी तेच होतं.

पत्र्यातही आईचे नियम होते. दाराला आतून कडी घालायची नाही. डोकं दाराकडं करून झोपायचं. चपला तोंड बाहेर करून ठेवायच्या, म्हणजे पाय घातला की माणूस थेट अंगणात. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो तांब्या. निजायच्या आधी उशाशी तांब्या पालथा घालायचा आणि त्याच्या गोल बुडावर फुलपात्र तोलून ठेवायचं. भुई जराशी जरी हालली तरी फुलपात्र पडणार, खणकन वाजणार, आणि आपण बाहेर. आमच्या गावात बऱ्याच घरांत हे होतं. फुलपात्र तोलायला हात स्थिर लागतो. मला ते इतकं जमायचं की पाहुणे आले की आई कौतुकानं माझ्याकडून करून घ्यायची. दुसऱ्यांच्या मुली रांगोळ्या काढून दाखवायच्या.

बाहेर मात्र आम्ही कितीदा पळालो असू, त्यातले बहुतेक भूकंप मांजरानं केलेले. एकदा अण्णांच्या घोरण्यानं फुलपात्र पडलं असा आईचा आरोप आहे. अण्णा तो अजून मान्य करत नाहीत.

दहावीनंतर मला लातूरला ठेवलं. तेव्हा लातूरच्या शिकवण्यांचा असा जोर होता की ज्या पोराला दहावीत बरे मार्क पडले त्याला डॉक्टर करायचं ठरूनच जायचं, पोराला फक्त कळवायचं राहायचं. चौकाचौकात पहिल्या आलेल्यांचे मोठमोठे फोटो, खाली पुढच्या बॅचच्या तारखा. गावोगावच्या आया पहाटे उठून डबे करायच्या आणि ते डबे एसटीनं, जीपनं लातूरला जायचे. आमच्या बाजूचे सगळे डबे अण्णांच्या जीपमधून यायचे. प्रत्येक डब्याला चिंधी बांधलेली, चिंधीच्या रंगावरून ओळखायचं. आमची लाल. त्याच जीपमधून आलेल्या हिरव्या चिंधीचा पोरगा औरंगाबादला लागला, पिवळ्या चिंधीची पोरगी मुंबईला लागली. लाल चिंधीवाली दोनदा परीक्षेला बसली आणि दोन्ही वेळा जिथल्या तिथं राहिली. अण्णा म्हणायचे, जीप तीच, रस्ता तोच, मग आपलाच डबा कुठं सांडला?

लातूरला खोलीही आईनं पत्र्याचीच शोधायला लावली होती, एका बिल्डिंगच्या अंगणातली, आणि तिथंही मी तांब्या लावायची. पहिल्याच महिन्यात टेबलफॅनच्या वाऱ्यानं फुलपात्र पडलं आणि मी "बाहेर पळा" म्हणून ओरडत रस्त्यावर धावले. माझ्यामागं सगळी बिल्डिंग. दुसऱ्या दिवशी म्हणे रसायनशास्त्राची टेस्ट होती. घरमालकिणीनं तांब्या जप्त केला आणि वर्षाअखेरीला परत दिला. तोवर मी कंपासपेटीवर पेनाचं टोपण उभं करून भागवलं. त्या टोपणाकडं रात्रभर एक डोळा ठेवणारी मुलगी परीक्षेत कशी मागं पडली, याचं मला स्वतःला कधी कोडं पडलं नाही.

मग परदेशात पाठवणाऱ्या एका एजंटाचं ऑफिस. आत गारेगार एसी, भिंतीवर बर्फाचे डोंगर. अण्णांनी विचारलं, तिथं जेवायला काय मिळतं, डिग्री इकडं चालते का, मुलींचं हॉस्टेल वेगळं आहे का. एजंटाकडं सगळ्याची उत्तरं तयार होती. आई पदर घट्ट धरून बसली होती. शेवटी उठता उठता तिनं एकच विचारलं, "तितं भुई हालती का?"

एजंटानं पेन खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसावा. मग हसून म्हणाला, "मावशी, पाच-पाच महिने बर्फ असतो तिकडं. सगळी जमीन गोठलेली. हलणार काय?"

आईला ते पटलं. आश्चर्य त्याचं नाही. दोन वर्षं फिजिक्सची शिकवणी लावलेल्या मलाही ते पटलं. मी चक्क मान डोलावली.

तरी घरी आल्यावर आईनं अट घातली. जा म्हणाली, शिक, पण जिथं जाशील तिथं तांब्या लावायचा, आणि एकदा जरी भुई हालली तरी सामान उचलून माघारी यायचं. वर्ष वाया गेलं तरी चालेल. "भुईनं एक नेली," ती म्हणाली, "दुसरी मी तिच्या हाती देनार न्हाई."  मी शब्द दिला. तेव्हा द्यायला काहीच वाटलं नाही, कारण जमीन गोठलेली होती.

गावानं निरोप जोरात दिला. जीपस्टँडवर फ्लेक्स लागला. त्यात माझा दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो मोठा करून घेतला होता, त्यामुळं नाक सगळ्या फ्लेक्सभर पसरलं होतं आणि नावाच्या आधी 'डॉ.' लागून गेलं होतं. माझ्या डोक्याला फेटा बांधला. एका आजोबांनी त्याच वेळी जीभ काढून दाखवली आणि विचारलं की जळजळ होते, काय घेऊ. मी म्हणाले, ताक घ्या. माझ्या डॉक्टरकीतला हा पहिला सल्ला, आणि पुढं बराच काळ एकुलता एक.

विमानात मला खिडकीची जागा मिळाली. शेजारी आमच्याच गटातली, नांदेडकडच्या कंधारची एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं तिथं शिलाईचं दुकान. तिला सगळ्या नातेवाइकांनी सांगितलं होतं की किरगिझस्तान आपलाच मुल्क आहे, मशिदी आहेत, तुला घरच्यासारखंच वाटेल. ती त्या खुशीत होती. मी बूट काढले आणि त्यांची तोंडं दाराकडं केली. मग जेवणाच्या त्या लहानशा फळीवर तांब्या पालथा घातला आणि वर फुलपात्र तोललं. विमानात ते तोलणं म्हणजे माझ्या आजवरच्या कामगिरीचा कळस होता. कंधारवाली बघतच राहिली.

"तू काय करून राहिली गं?" तिनं विचारलं.

मी सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पण आपण हवेत आहोत."

मी म्हणाले, सवय आहे. आणि डोळे मिटले.

समुद्रावर कुठंतरी विमान हिंदकळायला लागलं. फुलपात्र खणकन पडलं. पुढचं मी ठरवून केलं नाही, पायांनी केलं. पट्टा कसा सुटला कोण जाणे. कंधारवालीच्या मांडीवरून उडी मारून मी मधल्या वाटेत आले आणि अनवाणीच दाराच्या दिशेनं सुटले. "बाहेर चला, बाहेर चला," असं ओरडत होते म्हणतात. मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी एकटी नव्हते. पुढून एक पोरगा उठला, मागून दोघी उठल्या, विमानतळावर बॅगेची चेन बघणारा तो तर माझ्याही पुढं दाराशी पोचला होता. सगळे आमच्याच पट्ट्यातले. नांदेडकडचा एकही जागचा हलला नाही. हवाई सुंदरीनं आम्हाला दाराशी अडवलं. ती इंग्रजीत काय म्हणत होती ते कळलं नाही, पण फुलपात्र पडल्यावर आईचा व्हायचा तसाच तिचा चेहरा पांढरा झाला होता. आम्हाला एकेकाला धरून जागेवर नेऊन पट्ट्यात करकचून बांधलं.

जागेवर बसल्यावर मला प्रश्न पडला की तिनं दार उघडलं असतं तर आपण कुठल्या अंगणात उतरणार होतो. बाकीचा प्रवास मी हाच विचार करत केला. शारजाला विमान बदललं तेव्हा नव्या विमानातल्या लोकांनी आमच्या गटाला सगळ्यात मागं बसवलं. बातमी पुढं गेली असावी.

किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला पोचलो तेव्हा पहाट होती. कंधारवाली आणि मी एकाच खोलीत आलो, पाचव्या मजल्यावर. डोक्यावर स्लॅब, त्याच्यावर बर्फ. आयुष्यात पहिल्यांदा मी स्लॅबखाली झोपणार होते आणि तेही असल्या ठिकाणी की जिथून बाहेर पळायचं म्हणजे जिने उतरता उतरता भूकंप दोनदा होऊन जाईल. पहिले कित्येक दिवस मला झोप आली नाही. कंधारवालीलाही नाही. तिला कळलं होतं की तिच्या मुल्कात लोक घोड्याचं मटण आवडीनं खातात, आणि तिची उर्दू तिथं कुणालाही कळत नाही. आम्ही दोघी रात्री भात-चटणी खाऊन आपापल्या अंथरुणात रडायचो. मी दाराकडं डोकं करून, ती खिडकीकडं.

खोलीच्या बाहेर भिंतीवर एक चित्र होतं. त्यात माणसं टेबलाखाली बसलेली, दाराच्या चौकटीत उभी राहिलेली, मैदानाकडं चाललेली. खाली रशियन अक्षरं. मला वाटलं, व्यायामाचा तक्ता असेल. इथं थंडी फार, म्हणून खोलीतल्या खोलीत करायचे प्रकार. मी चार दिवस सकाळी टेबलाखाली बसून उठून व्यायाम केला. पाचव्या दिवशी वरच्या वर्गातल्या एका मराठी मुलानं सांगितलं की ती भूकंपाची सूचना आहे. म्हणाला, इथं येतात ना अधूनमधून. या डोंगरांखाली सारखं काहीतरी चालू असतं.

 म्हणजे मी आईला शब्द देऊन नेमकी हालणाऱ्या भुईवर येऊन बसले होते. पण ती भीती तेवढ्यापुरतीच टिकली. कारण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला घरी जायचं होतं. हाडांची लॅटिन नावं, ती सांगणारे रशियन मास्तर, आणि ती ऐकणारी माझ्यासारखी लाल चिंधी. थंडीनं ओठ फुटलेले. फ्लेक्सवर 'डॉ.' लागून गेलेलं, त्यामुळं हात हलवत परत जायची सोय नाही. अशा वेळी आईची अट म्हणजे अगदी मानानं परत जायचं तिकीट होतं. गावाला सांगता आलं असतं की पोरगी हुशार होती, पण काय करणार, भुई हालली. मी रात्री फुलपात्र तोलायची आणि मनात म्हणायची, एक लहानसा येऊ दे. कुणाला इजा नको, भिंतीला तडा नको, नुसतं फुलपात्र पडण्यापुरता.

कंधारवालीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आला तर मलाही घेऊन जा.

आई फोनवर रोज एकच विचारायची, तांब्या लावलास का. जेवलीस का हे त्यानंतर. मी लावला म्हणायची, आणि तो लावलेलाच असायचा. मग ती "बरं" म्हणायची, आणि तिच्या आवाजावरून कळायचं की आता ही झोपेल. बाकी माझं काहीही खरं धरावं असं मी आजवर केलं नव्हतं. या परीक्षेत पास होणार म्हणाले, झाले नाही. पुढच्या वेळी नक्की म्हणाले, तेही नाही. या एका तांब्याच्या बाबतीत मात्र आई माझ्या शब्दावर झोपत होती.

हिवाळाभर भुई शहाण्यासारखी गप्प राहिली. आणि त्या वेळात एक भलतीच गोष्ट झाली. मला अभ्यास यायला लागला. तिथं शिकवण्या नव्हत्या, चौकात कुणाचे फोटो नव्हते, डब्याला चिंध्या नव्हत्या. मास्तर हातात खरं हाड द्यायचे आणि म्हणायचे, सांग. मी लहानपणापासून हातावर वस्तू तोलत आले होते, हाडं माझ्या हातात लवकर बसली. तोंडी परीक्षेत मी डोळे मिटून मनगटातलं एकेक लहान हाड ओळखलं. मास्तरांनी रशियनमध्ये काहीतरी म्हटलं आणि बाकीचे माझ्याकडं वळून बघायला लागले. मी घाबरून विचारलं, काय झालं? कंधारवाली म्हणाली, तू पहिली आलीस गं.

त्या रात्रीपासून मी फुलपात्र तोलताना काही मागेनाशी झाले. उलट हात जोडायला लागले की बाई, आता थोडी स्थिर रहा.

बर्फ वितळायला लागला होता तेव्हाचा रविवार. वरच्या मजल्यावर गरम पाण्याची बोंब, म्हणून बादली भरून घेतली होती आणि मी गाऊन घालून, डोक्याला साबण लावून न्हाणीघरात तांब्यानं पाणी घेत होते. आधी बादलीतलं पाणी हललं. मग खालून कुणीतरी इमारत धरून गदगदवल्यासारखं झालं. मांजर नव्हतं, फॅन नव्हता, अण्णा तर नव्हतेच. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तयारी केली तो खराखुरा भूकंप दाराशी आला होता, आणि त्याची वर्दी देणारा तांब्या माझ्या हातात होता.

मी पळाले. पाच मजले कसे उतरले मला सांगता येणार नाही. अनवाणी, गाऊन ओला, डोक्यावर साबणाचा डोंगर, हातात तांब्या. खाली मैदानात पोचले तेव्हा तिथं फक्त झाडूवाली बाई होती. तिनं झाडणं थांबवलं, झाडूवर हनुवटी टेकली आणि माझ्याकडं बघत राहिली. भुई केव्हाच थांबली होती. मग हळूहळू बाकीच्या मुली आल्या. तिथल्या मुली कोट घालून, बटणं लावून, मोबाइलचा चार्जर घेऊन, सिनेमाला निघाल्यासारख्या. कंधारवाली ब्लँकेट गुंडाळून सगळ्यात शेवटी. मला पाहून तिचं तोंड वाकडं झालं आणि ती मटकन खाली बसून हसायला लागली. मग सगळं मैदान हसलं. थंड वारा सुटला होता आणि साबण डोक्यावरच वाळत चालला होता.

कुठं काही पडलं नव्हतं. भिंतीचा थोडा गिलावा गेला एवढंच. वर जाऊन पाहिलं तर खिडकीत फुलपात्र जसंच्या तसं होतं.

डोकं धुऊन मी फोन घेऊन बसले. कंधारवाली म्हणाली, "सांगू नको. त्यांना तिकडं काय कळून राहिलं? गिलाव्यासाठी डिग्री सोडते का तू?" तिचं खरं होतं. सांगितलं की सामान बांधायचं, अट तशीच होती. आईनं एकदा म्हटलं की ते दगडावरची रेघ. आणि आता मला जायचं नव्हतं, अजिबात जायचं नव्हतं. नुसतं "लावला" म्हटलं असतं तरी भागलं असतं, रात्री लावला होताच. मी तसंच म्हणायचं ठरवलं आणि फोन लावला.

"तांब्या लावलास का?" आईनं विचारलं.

लावला म्हणायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर तिचं ते "बरं" आलं. मी म्हणाले, "आई, भुई हालली."

 पलीकडून आमच्या शेळीचा आवाज आला.

"कवा?" ती म्हणाली.

"सकाळी. अंघोळ करत होते."

"भाईर निगालीस का?"

"निघाले."

"कुनाची वाट बगितलीस?"

"नाही. चपलाबी घातल्या न्हाईत. डोक्याचा साबणसुद्धा धुतला नाही. सगळ्यांच्या आधी मीच."

"लोकं हासली आसतील."

"लई हसली."

 मी कानाशी फोन दाबून धरला होता आणि मनात बॅग भरत होते, मनगटाची हाडं, मास्तर, कंधारवाली, सगळं मागं ठेवत होते. मग आई बोलली, आवाज नेहमीचाच होता.

"तिला पळता येत न्हवतं बाई. तुला येतंय. ऱ्हा तितं. शीक."

मी रडायला लागले. कंधारवालीला म्हणाले की डोळ्यात साबण गेला. तिनं टॉवेल पुढं केला.

त्या उन्हाळ्यात मी घरी गेले. जीपस्टँडवरचा फ्लेक्स उन्हानं फिका पडला होता, नाक मात्र तेवढंच होतं. स्लॅबच्या घरात कडबा होता आणि पत्र्याच्या शेडमध्ये आमची अंथरुणं, दाराकडं डोकं केलेली. आईनं माझी बॅग उघडून तांब्या काढला, राखेनं घासला, रांजणात बुडवून काठोकाठ भरला आणि फुलपात्र वर झाकून माझ्या उशाशी ठेवला, जसा बाकीच्या घरांतून पाण्याचा तांब्या ठेवतात तसा. म्हणाली, प्रवासातून आलीस, रात्री तहान लागंल.

तिच्या स्वतःच्या उशाशी मात्र तांब्या पालथाच होता.